पगाराची तारीख : अल्प मासिक वेतनाच्या जमाखर्चाचा इतिहास

मराठीत ‘महिना’ हा शब्द काळाचे माप सांगतो, तसेच पैशाचेही. ‘त्याला महिना किती मिळतो?’ या प्रश्नात महिना म्हणजे वेतन, हे कोणत्याही मराठी भाषकास वेगळे सांगावे लागत नाही. ‘दरमहा’ हे क्रियाविशेषणही अनेकदा नामासारखे वापरले जाते. अमुक इसमाचा दरमहा इतका आहे, असे जुन्या कागदांत आढळते. ‘मुशाहिरा’ हा शब्द तर अरबीतील ‘शहर’ म्हणजे महिना या शब्दापासूनच झालेला आहे. वेतनाची कल्पना आणि मासाची कल्पना यांची अशी गाठ भाषेने घालून ठेवली असल्यामुळे अल्प वेतनाच्या प्रश्नाचा विचार सामान्यतः रकमेपुरता होतो. पगार किती, खर्च किती आणि तोंडमिळवणी कशी करावयाची, एवढेच प्रश्न विचारले जातात. परंतु महिन्याच्या कोणत्या दिवशी ती रक्कम हातात पडते, आणि मुळात उत्पन्न महिन्याच्या मापाने येते की नाही, हे प्रश्न रकमेइतकेच महत्त्वाचे आहेत. महाराष्ट्रातील कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाचा जो पुरावा उपलब्ध आहे, तो पाहता कर्जाचे एक मोठे कारण वेतनाच्या अल्पतेइतकेच वेतनाच्या विलंबात होते, असे दिसून येते.

या विषयाची दोन टोके एकत्र पाहावयाची तर ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील अंबाडीचे उदाहरण घेता येईल. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे आणि येथूनच वज्रेश्वरीकडे व पुढे वसईच्या बाजूस फाटा जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वाडा व वसई हे तालुके तिकडे गेले आणि भिवंडी तालुका ठाण्यात राहिला. त्यामुळे अंबाडी दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत आले. अशा नाक्यावरच्या एकाच किराणा दुकानात शाळेतील शिक्षक, यंत्रमागावरील कामगार आणि वीटभट्टीवर जाणारा कातकरी ही तिन्ही गिऱ्हाइके येऊ शकतात. तिघांचेही उत्पन्न थोडे असेल. पण पहिल्याचे महिन्याने येते, दुसऱ्याचे बहुधा पंधरवड्याने, आणि तिसऱ्याचे काम सुरू होण्यापूर्वीच येऊन संपलेले असते. तिघांच्या जमाखर्चाची रीत एक असू शकत नाही.

‘पगार’ हा शब्दच या भागातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यांची आठवण करून देतो. तो पोर्तुगीज भाषेतील ‘पगार’ म्हणजे देणे, चुकते करणे, या क्रियापदाशी जोडला जातो. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मोठा संग्रह करणारे सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा शब्दांचा मागोवा घेतला आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली आणि वज्रेश्वरीच्या देवळाची परंपरा त्याच विजयाशी निगडित आहे. गोवा, चौल, वसई यांपैकी कोणत्या बंदरातून हा शब्द मराठीत प्रथम शिरला, याचा खल येथे करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, मुशाहिरा आणि दरमहा या शब्दांत महिना आहे, ‘पगार’ या शब्दात मात्र तो नाही. त्यात चुकते करण्याची क्रिया आहे. आज तोच शब्द मासिक वेतनाचा सर्वसामान्य वाचक झाला आहे.

मराठी राज्यातील दफ्तरांत ‘रोज’ या शब्दापासून झालेला ‘रोजमुरा’ नियमित वेतनासाठी येतो. वेतन रोख द्यावे की जमीन लावून द्यावी, हा शिवकालापासूनचा महत्त्वाचा राज्यकारभारी प्रश्न होता आणि शिवाजी महाराजांचा कल रोख वेतनाकडे होता, हे सर्वज्ञात आहे. पेशवाईत वेतन थकले म्हणजे शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरून बसत. म्हणजे नेमणूक ठरलेली असूनही रक्कम हाती न पडणे, हे दुःख गिरण्यांनी नव्याने निर्माण केलेले नव्हते. खेड्यातील बलुतेदार तर महिना हे मापच ओळखत नव्हता. त्याचे उत्पन्न सुगीला, धान्यरूपाने आणि वर्षातून एकदा येई. त्याची काटकसर कणगीकडे पाहून होत असे.

मासिक वेतनावर जगणाऱ्या मोठ्या समाजाचा उदय मुंबईच्या कापड गिरण्यांतून झाला. पहिली गिरणी १८५० नंतरच्या दशकात सुरू झाली आणि पुढील तीन दशकांत कोकण व देशावरून आलेल्या हजारो माणसांचे आयुष्य महिन्याच्या हिशेबास बांधले गेले. या मंडळींच्या पहिल्या संघटित मागण्या काय होत्या, हे पाहणे उद्बोधक आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेवर मर्यादा आणि अपघात झाल्यास भरपाई या मागण्या होत्या. त्यांच्याच जोडीला आणखी एक मागणी होती : ज्या महिन्यात काम केले, त्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा.

रविवारच्या सुटीची मागणी इतिहासात गाजली, कारण ती १८९० मध्ये पदरात पडली. पगाराच्या तारखेची मागणी मात्र तळटीपेत राहिली आहे. वास्तविक तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. पंधरा तारखेपर्यंत पगार मिळावा, ही मागणी होती. म्हणजे प्रत्यक्षात तो त्याहूनही उशिरा मिळत असला पाहिजे. मागणी पूर्णपणे मान्य झाली असती, तरी १ जूनला कामावर उभा राहिलेला माणूस १५ जुलैला पहिला पैसा पाहणार होता. हे दीड महिन्याचे अंतर भरून काढण्यास गावाहून आणलेले पीठ आणि चार रुपये पुरणे शक्य नव्हते. गिरणीमालकाच्या बाजूने पाहिल्यास दोन-तीन आठवड्यांचे न दिलेले वेतन हे एक प्रकारचे तारण होते. नोकरी मध्येच सोडणारा त्यास मुकण्याचा संभव असे. हजारो कामगारांचे असे राखून ठेवलेले वेतन म्हणजे कामगारांनी मालकास दिलेले बिनव्याजी कर्ज होय, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

हे कर्ज कामगाराने दिले खरे, पण ते त्याच्याजवळचे नव्हते. त्याने ते वाण्याकडून उधार घेतले होते. खोलीवर एकटा राहणाऱ्याने ते खानावळवालीकडून घेतले होते आणि खानावळवालीने पुन्हा वाण्याकडून. गिरणगावातील खानावळीचा सारा व्यवहार महिन्याच्या उधारीवर चाले. दोन वेळच्या जेवणाचा दर ठरलेला, गावी गेल्यास खाडे वजा, आणि पैसे पगार झाल्यावर. पगार लांबला की तिचे वाण्याचे देणे लांबे आणि व्याज तिच्या डोक्यावर बसे. गिरणीच्या हिशेबवहीत या बाईचे नाव कोठेही नव्हते, तरी गिरणीच्या पगाराची तारीख ती आपल्या चुलीवर सोसत होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा स्त्रियांना बँकांचे कर्ज मिळवून देण्याचा मार्ग काढला, तेव्हा या व्यवसायास शतकाजवळ आयुष्य लाभले होते.

या कुटुंबांच्या जमाखर्चाची पहिली मोठी शास्त्रीय पाहणी मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये केली. जी. फिंडले शिरास यांनी लिहिलेला तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे पुरुष यांचे हिशेब त्यात आहेत. सरासरी कुटुंब ४.२ माणसांचे आणि त्याचे मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चाची विभागणी अशी : अन्न ५६.८ टक्के, जळण व दिवाबत्ती ७.४, कपडालत्ता ९.६, घरभाडे ७.७ आणि संकीर्ण १८.५. कामकऱ्यांपैकी ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. धान्याच्या बाबतीत अहवालाचा निष्कर्ष असा की, कामगार दुष्काळसंहितेने ठरवून दिलेल्या कमाल मापाइतके धान्य खातो. तुरुंगातील कैद्यास नियमाने मिळणारे माप मात्र त्याच्या वाट्यास येत नाही. सरकारी कचेरीनेच हे लिहावे, यात त्या काळच्या प्रशासनाचा एक प्रामाणिकपणा आहे.

अहवालातील कर्जाचे आकडे मात्र यापेक्षा अधिक बोलके आहेत. ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती, कर्ज साधारणपणे अडीच महिन्यांच्या उत्पन्नाइतके होते आणि व्याजाचा प्रचलित दर दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे वार्षिक ७५ टक्के, असा होता. हे तीन आकडे एकत्र मांडून पाहावेत. अडीच महिन्यांचे उत्पन्न म्हणजे सुमारे १३० रुपये. त्यावर रुपयास एक आणा या दराने महिन्याचे व्याज १३० आणे, म्हणजे ८ रुपये २ आणे होते. खोलीचे सरासरी भाडे या हिशेबाने चार रुपयांच्या आसपास पडते. याचा अर्थ, कर्जबाजारी कुटुंबाने व्याज नियमित भरावयाचे म्हटले, तर त्यास राहत्या खोलीच्या दुप्पट भाडे सावकारास द्यावे लागले असते. सरासरीच्या तक्त्यात हे दिसत नाही, कारण तेथे कर्ज असलेले आणि नसलेले एकाच ओळीत उभे केलेले आहेत. अल्प वेतनाच्या जमाखर्चाचे आकडे वाचताना सरासरीचा हा पडदा बाजूस करावा लागतो. अनेक अभ्यासकांनी तसे केलेले नाही.

१९३२-३३ मध्ये याच कचेरीने दुसरी पाहणी केली व तिचा अहवाल १९३५ मध्ये निघाला. उत्पन्न किंचित घटून ५० रुपयांवर आले होते. अन्नाचा वाटा ५६.८ वरून सुमारे ४७ टक्क्यांवर उतरला होता आणि भाड्याचा वाटा ७.७ वरून सुमारे १३ वर चढला होता. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे अन्नाचा वाटा घटणे हे सुस्थितीचे लक्षण मानले जाते. त्या नियमाने पाहिल्यास मुंबईचा कामगार दहा वर्षांत सुधारला, असे म्हणावे लागेल. पण याच काळात कर्जबाजारी कुटुंबांचे प्रमाण निम्म्याच्या आतून तीन-चतुर्थांशावर गेले. मंदीमुळे धान्य स्वस्त झाले आणि अन्नाचा वाटा उतरला; खोली मात्र स्वस्त झाली नाही, आणि सावकार तर नाहीच. एंगेलचा नियम खोटा ठरतो असे नव्हे. त्या नियमात तारखेला आणि व्याजाला जागा नाही, एवढेच.

भारतातील कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ मध्ये या प्रश्नाची दखल घेतली आणि कापडधंद्यासारख्या उद्योगांत सोळा दिवसांहून अधिक काळ वेतन तुंबू नये, अशी शिफारस केली. अहमदाबादेत ‘हप्ता’ या नावाने अशी पद्धत होतीच. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मात्र एक महिन्याची मुदत कायम ठेवली. पगाराची तारीख तेवढी बांधली. हजारापेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्यात पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत आणि इतरत्र दहाव्या दिवसापर्यंत पगार झाला पाहिजे, असा दंडक झाला. लोखंडे यांच्या अर्जानंतर या गोष्टीस बावन्न वर्षे लागली. २०१९ च्या वेतन संहितेतही मासिक वेतनास सातव्या दिवसाचीच मर्यादा आहे.

पांढरपेशा वर्गाचा जमाखर्च यापासून वेगळा होता, पण सुखाचा होता असे नव्हे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचे ७५ रुपयांचे वेतन हे महाराष्ट्रातील ध्येयवादी काटकसरीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. गोपाळ कृष्ण गोखले व धोंडो केशव कर्वे यांनी याच वेतनावर काम केले. वेतन वाढवावे काय आणि सदस्यांनी बाहेरचे उत्पन्न घ्यावे काय, या प्रश्नांवर टिळक व आगरकर यांच्यात जो वाद झाला, तो १८९० मधील टिळकांच्या राजीनाम्यामागील कारणांपैकी एक होता. इतक्या मोठ्या माणसांच्या वादात घरखर्चाचा प्रश्न इतका खोल रुतलेला असावा, याचे आश्चर्य चरित्रकारांना वाटले आहे. कामकऱ्यांचे जमाखर्च वाचलेल्यास ते फारसे वाटणार नाही. मात्र त्या ७५ रुपयांची येण्याची तारीख ठरलेली होती, आणि वाण्यास तो ग्राहक ठाऊक होता. नियमित तारखेचा पगार ही स्वतःच एक पत असते.

विसाव्या शतकात कुटुंबाच्या जमाखर्चास एक नवीनच महत्त्व प्राप्त झाले. घरखर्चाच्या पाहणीवरून राहणीखर्चाचा निर्देशांक निघू लागला आणि निर्देशांकावरून महागाई भत्ता. मुंबईचा पहिला निर्देशांक जुलै १९१४ हा पाया धरून निघत असे. पुढे १९३३-३४ हा पाया धरण्यात आला. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने मुंबईतील गिरणी कामगाराचे किमान मूळ वेतन ३० रुपये ठरविले, परंतु महागाई भत्ता त्याहून मोठा होता. म्हणजे पगाराचा मोठा भाग १९३०-४० या दशकाच्या आरंभी काही कुटुंबांनी पाहणी करणाऱ्यास सांगितलेल्या डाळ-तांदूळ-रॉकेलच्या प्रमाणावर ठरत होता. निर्देशांक चुकला तर लाखो पगार चुकणार, हे कामगारांच्या ध्यानी आले आणि १९६३ मध्ये मुंबईत त्यावर मोठे आंदोलन झाले. त्यातूनच लकडावाला समिती नेमली गेली. संख्याशास्त्रातील एका तांत्रिक प्रश्नासाठी शहर रस्त्यावर उतरल्याचे असे उदाहरण दुर्मीळच.

जमाखर्च कसा असतो, या प्रश्नाजवळच तो कसा असावा हा प्रश्न उभा होता. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाची मापे ठरविली : कुटुंबात तीन उपभोग-एकके, आहार डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे, कापड वर्षास ७२ वार, आणि जळण, दिवाबत्ती व संकीर्ण मिळून किमान वेतनाच्या २० टक्के. १९२१-२२ च्या प्रत्यक्ष हिशेबात या शेवटच्या बाबींची बेरीज २५.९ टक्के होते. कागदावरचे आदर्श कुटुंब पस्तीस वर्षांपूर्वीच्या खऱ्या कुटुंबापेक्षा अधिक काटकसरी कल्पिलेले होते. शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात सांगितले, ते १९९१ मध्ये.

लग्नाचा हा खर्च वेतनाच्या हिशेबात धरला नाही म्हणजे काय होते, याचे उत्तर ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात आहे आणि त्यासाठी पुन्हा अंबाडीच्या परिसराकडे वळावे लागते. या जिल्ह्यात ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. आदिवासी तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून रक्कम घेई आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे. बहुतेक वेळा ती फिटतच नसे, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. ‘गडी’ या शब्दास ‘लग्न’ हे पूर्वपद लागून झालेला हा समास व्याकरणाच्या दृष्टीने साधा आहे. पण एका माणसाचा सारा आर्थिक इतिहास त्यात मावला आहे. मुंबई प्रांतातील आदिवासींविषयीचा डी. सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ मध्ये निघाला. १९४५ पासून डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ही पद्धत मोडून काढली. संपूर्ण देशात वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. तरीही वसई-भिवंडी पट्ट्यात ती शिल्लक असल्याचे १९८० नंतर विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने पुढे आणले.

वीटभट्टीवरील ‘उचल’ ही याच पद्धतीची सौम्य बहीण म्हणावी लागेल. पावसाळ्यात घरातील धान्य संपते, सण येतात, आजारपण निघते. त्या वेळी भट्टीमालक उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर राहावयास जाते आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तेथे काम करते. दर आठवड्यास पोटापुरती ‘खर्ची’ मिळते, आणि हंगाम संपल्यावर थापलेल्या विटांच्या हजारी हिशेबातून उचल व खर्ची वजा होते. या अर्थव्यवस्थेत महिना नाही, पहिली तारीख नाही आणि शिलकीची कल्पनाही बहुधा नाही. गिरणी कामगाराचे वेतन काम झाल्यावर दीड महिन्याने येत होते, भट्टीवरच्याचे काम होण्यापूर्वी चार महिने येते. पण दोन्हीकडे मधल्या काळाची किंमत कामगारच देतो. अशा कुटुंबास ‘महिन्याचे अंदाजपत्रक करा’ हा उपदेश निरर्थक आहे. त्याच्या जमाखर्चाचे एकक हंगाम हे आहे, आणि तो हिशेब दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो.

भिवंडी शहरातील यंत्रमाग कामगार या दोहोंच्या मधला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापडधंद्याचा ओघ मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळला आणि पगाराऐवजी कापडाच्या मापावर मजुरी हा नियम झाला. परप्रांतीय कामगार जेवणासाठी ‘बिस्सी’ नावाच्या खानावळीस लागलेले असतात आणि मजुरी झाली की तेथील देणे भागवितात. मराठीतील ‘भिशी’ हा शब्द याच्याशी निगडित दिसतो. एके काळी तो वर्गणीने चालणाऱ्या खानावळीस लावीत; आता तो मुख्यतः दरमहा ठराविक रक्कम गोळा करून पाळीपाळीने एकेकास देण्याच्या पद्धतीस लावतात. दोन्ही अर्थांत मूळ कल्पना एकच आहे : एकट्याचा पैसा आणि गरज यांच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून अनेकांनी मिळून त्या जुळवून घ्यावयाच्या. मार्च २०२० मधील टाळेबंदीत माग थांबले आणि मजुरी बंद झाली, तेव्हा हजारो कामगार भिवंडी सोडून उत्तरेकडील आपल्या गावी निघाले. महिन्याच्या पगारावरील शिक्षकाची तारीख त्या वर्षी पुढेमागे झाली. मागावरच्या माणसास तारीखच उरली नाही.

या दोन जगांत महाराष्ट्राने एक दुवा घातलेला आहे, याची जाणीव पगारदारांस क्वचितच असते. रोजगार हमी योजनेस पैसा हवा म्हणून राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० अशी जी कमाल २,५०० रुपयांची वार्षिक कपात दिसते, तिचा उगम हा आहे. योजनेचा कायदा १९७७ चा. २००५ च्या केंद्रीय कायद्याने मजुरी पंधरा दिवसांच्या आत मिळाली पाहिजे आणि विलंब झाल्यास भरपाई दिली पाहिजे, असे ठरविले. महिन्याच्या पगारातून तारीखवार कापलेला पैसा रस्त्याच्या वा तळ्याच्या कामावरील मजुराकडे पोहोचेपर्यंत मात्र अनेकदा महिने उलटत. त्या महिन्यांत मजुराच्या घरी जे धान्य आले, ते नाक्यावरच्या दुकानातून उधारीवर आले, किंवा पुढच्या हंगामाच्या उचलीतून.